दाऊदभाईंची डोंगरवाट

आमच्या कंपनीच्या गुदामात दाऊदभाई जेवणाचा डबा छताच्या कडीला दोरीनं टांगून ठेवत. कारण विचारलं तर शांतपणे सांगत, "अस्वलं येतात."

कुवेतमध्ये अस्वल सोडाच, झाडसुद्धा शोधावं लागे. पण साठच्या दशकात मी ड्राफ्ट्समन म्हणून तिथं रुजू झालो, तोवर हे दापोलीकडचे स्टोअरकीपर मनानं अमेरिकेत पोचले होते. जॉर्जियातल्या एका इंजिनियरनं त्यांना आपल्या गावामागच्या अ‍ॅपलेशियन डोंगरांचे फोटो दाखवले होते. तिथं माणसं पाठीवर बिऱ्हाड घेऊन, झाडांवरचे वाट दाखवणारे पांढरे पट्टे बघत, महिनोन्महिने जंगलातून चालतात आणि रात्री अस्वलांच्या भीतीनं शिधा झाडाला टांगतात. मायदेशी परतताना त्यानं आपली जुनी सॅक यांना देऊन टाकली.

तेव्हापासून दाऊदभाई त्या सॅकमध्ये वाळू भरून रोज संध्याकाळी दस्मानच्या समुद्रकाठानं चालत. कुणी हटकलंच तर म्हणत, "टेनेसीचा चढ वाईट आहे." परवाच ती डोंगरवाट उतरून आल्यासारखं. लांब रजा साठवून एकदा तिकडं जायचंच, हे पक्कं होतं. "वजन बघा, वजन" हा त्यांचा मंत्र. दात घासायच्या ब्रशची दांडी त्यांनी अर्धी कापली होती. मी सुट्टीवर निघालो, तेव्हा माझ्या बॅगेतून बुटांचा दुसरा जोड काढून विचारलं, "पाय किती तुम्हाला?"

एका शुक्रवारी आम्ही भिड्यांच्या गाडीतून उत्तरेकडच्या कड्यावर सहलीला गेलो. भिडे आमचे अकाउंटंट. बरोबर मी, दाऊदभाई आणि माझी बायको नलिनी. तिला सहावा महिना होता. परतताना गाडी वाळूत रुतली ती रुतलीच. हमरस्ता लांब, आणि वाऱ्यानं धूळ उठायला लागलेली.

भिडे म्हणाले, "मी झपाझप पुढं होतो. तुम्ही मागून या."

"कुणी सुटं जायचं नाही," दाऊदभाई म्हणाले. त्यांनी सॅकमध्ये फक्त पाणी ठेवलं. "चाकांच्या खुणा बुजायच्या आत निघू. वहिनी, तुम्ही पुढं."

"मला कुठं वाट माहीत आहे?" नलिनी म्हणाली.

"वाट मी मागून सांगतो. चाल तुमची. डोंगरात जो हळू, तो पुढं असतो."

भिडे कुरकुरले, पण ऐकलं. नलिनी थांबली की सगळे थांबत. धुळीतून दाऊदभाईंचा आवाज येई, "थोडं डावीकडं, वहिनी. घाई नाही." चाकांच्या खुणा पुसट होत होत्या, पण त्या आवाजात कुठं घाई नव्हती. शेवटी पायाखाली डांबर लागलं, तेव्हा नलिनी रस्त्याच्या कडेला बसली आणि पदरानं तोंड पुसत हसली.

एखाद्या येणाऱ्या लॉरीची वाट बघताना ती म्हणाली, "तुमच्या घरच्या वहिनी नशीबवान आहेत."

दाऊदभाईंनी सॅकचा पट्टा नीट केला.

"तिला मी कधी पुढं चालू दिलं नाही," ते म्हणाले. "इकडं यायला निघालो, तेव्हा बंदरापर्यंत आली होती. मी बोट चुकेल म्हणून पुढं पळालो. ती लेकीला कडेवर घेऊन मागं. बोट सुटली, तेव्हा ती अजून उतारावरच होती. हात केला, तिनं बघितला की नाही, कोण जाणे."

"विचारलं नाहीत?"

"काय विचारायचं?"

लॉरी आली. आम्ही परतलो.

त्या वर्षी साठवलेली रजा दाऊदभाईंनी अमेरिकेसाठी न ठेवता घेऊन टाकली आणि ते गावी गेले. परत आल्यावर मी चेष्टेनं विचारलं, "काय, केला का एखादा डोंगर सर?"

"गावामागच्या टेकडीवर गेलो होतो, दोघं," ते म्हणाले. "अर्ध्यातून परत आलो. तिला तेवढंच झेपलं."

"वर काहीच बघितलं नाहीत मग?"

"नाही. वाटेत बसलो. बोलत होती, तर ऐकलं."

एवढं सांगून ते मालाच्या पेट्या मोजायला वळले.