तबीथाबाईंच्या उताराची हकीकत

श्री जलदेवता प्रसन्न. जिच्या पाण्यांत राजा आणि हमाल सारखेच भिजतात, तीस प्रथम वंदन. शके सत्राशें एकुणनव्वद, प्रभवनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयीं सात समुद्रांपलीकडील एका थोर राज्यांत वर्तमान घडलें तें ऐसें.

राज्य मोठें, परंतु माणूस बाजारीं विकावा कीं न विकावा, याजवरून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भाऊबंदांत चार वर्षें घोर यादवी जाहली, आणि उत्तरेचे निळे डगले व दक्षिणेचे करडे डगले एकमेकांवर तोफा डागिते जाहले. त्या राज्यांत एक रुंद नदी. तिजवर तबीथाबाई नामें सांवळ्या, धिप्पाड बाई तराफा चालवीत. बाई स्वतः एके काळीं बाजारीं विकल्या गेलेल्या, मग बेडी तोडून पळाल्या आणि नदीकांठीं राहिल्या. दोन्ही तीरांस जाड दोर ताणिला होता, तो हातांनी ओढावा आणि तराफा पुढें सरावा. आणि बाईंचा शिरस्ता असा कीं जो चढेल त्यानें दोर ओढावा, मग तो कोणी का असेना. यादवींत बाईंनी दोन्हींकडील जखमी पैलतीरीं नेले. मग निळे म्हणों लागले, बाई करड्यांची हेर, आणि करडे म्हणों लागले, निळ्यांची, आणि बाईंच्याच माणसांनी दारीं येऊन विचारिलें, "ज्यांनी आपल्याला साखळ्या घातल्या त्यांनाच वाहून नेतेस? लाज नाहीं वाटत?" बाई बोलल्या, "माझ्या घाटावर मेले असते तर रक्त कोण धूत बसलं असतं, तुम्ही?"

मग युद्ध सरलें. तेव्हां उत्तरेचे सरदार एबनर हॅस्किन्स आणि दक्षिणेचे सरदार थाडियस मोझेली, ज्यांचें सूर्य कोणीकडे उगवतो यावरही एकमत होत नसे, त्या दोघांनी मिळोन अर्ज केला कीं या फितूर बाईकडून उताराची, म्हणजे माणसें नदीपार नेण्याची, सनद काढून घ्यावी. सनद गेली तर बाईंचा तराफाही गेला आणि झोंपडीही गेली. न्यायाधीश ओरिन विदरबी यांनी तारीख नेमिली आणि सर्वांनी पश्चिम तीरच्या कचेरींत हजर व्हावें ऐसी आज्ञा केली. परंतु एक गोष्ट कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं, कीं अर्जदार आणि न्यायाधीश तिघेही राहत पूर्व तीरीं, नदीस पूर आलेला, आणि पलीकडे जाण्यास बाईंच्या तराफ्यावांचून दुसरें साधन नाहीं.

नेमिल्या दिवशीं तिघेही घाटावर येऊन उभे राहिले. बाई हसोन बोलल्या, "या, या. माझीच सनद काढायला निघालात ना? चढा लवकर, कचेरी उघडली असेल. आणि दोर धरा." मोझेली मिशांवर हात फिरवोन बोलले, "आम्ही सरदार आहोंत. दोर ओढणार नाहीं."

"मग बसा इथेंच. दोन महिन्यांनी पाणी उतरेल. तोंवर दोघे गप्पा मारा."

"याच्याशीं गप्पा?" हॅस्किन्स ओरडले. "त्यापेक्षां दोर बरा!" आणि त्यांनी दोर धरिला. शत्रू पुढें गेलेला मोझेलींस कसा सोसावा? त्यांनी त्याच्याही पुढें जाऊन धरिला. आणि न्यायाधीशांनी झगा काढोन घडी करून ठेविला आणि तेही लागले.

तों मध्यधारेंत एक उपटलेला वृक्ष वाहत आला आणि तराफ्यास अडकला, आणि तराफा कलला. बाई गरजल्या, "करड्या, पुढें सरक! निळ्या, पाय रोव! न्यायाधीश, देवाचा धावा मग करा, आधीं ओढा!" मग तिघांनी ऐसें ओढिलें कीं तळहात सोलले, टोप्या वाहून गेल्या, आणि वृक्ष सुटोन निघोन गेला. तीरीं लागतांच दोघे सरदार चिखलांत बसले.

"हॅस्किन्स, बैलासारखा ओढतोस रे!"

"आणि तुझ्या शिव्या ऐकूनच तें झाड पळालं!"

मग कचेरी भरली. न्यायाधीशांनी ओल्या अंगानें विचारिलें, "बाईंनी कोणत्या शत्रूस पार नेलें?" मोझेलींनी बोट केलें, "याला." हॅस्किन्सांनी बोट केलें, "आणि याला."

"आणि नेलें नसतें तर?"

हॅस्किन्स खालीं पाहोन बोलले, "तापानें मेलों असतों." मोझेली बोलले, "मांडींत गोळी होती. मीही."

"मग हा अर्ज कोणी केला असता?"

लोक हसों लागले, आणि त्यांत बाईंचीं माणसेंही होतीं, आणि शेवटीं सरदारही हसले. अर्ज फेटाळिला आणि बाईंस हयातभर सनद जाहली.

पुढें दोन्ही सरदारांनी आपापल्या पराक्रमाचे ग्रंथ लिहिले. दोहोंत लिहिलें कीं आम्ही महापूर स्वबळें पार केला. बाईंचें नांव एकांतही नाहीं. कोणी तें बाईंस वाचून दाखविलें, तेव्हां त्या डोळ्यांत पाणी येईतों हसल्या आणि बोलल्या, "खरंच आहे कीं. ओढलं त्यांनीच. मी नुसती ओरडत होतें."

बाईंनी आणखी तीस वर्षें उतार चालविला. कोणी बुडालें नाहीं. थोरांच्या ग्रंथांत जागा पुरली नाहीं, तेवढें येथें लिहिलें असे.