तुरुंगवास रद्द करण्याचा ठराव

सुंदररावांना पिस्तुलाचं वेड लागलं ते गेवराईच्या एका लग्नात. शेजारच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव मांडवात शिरले तेच सदरा थोडा वर सरकवत. कमरेला चामड्याचं कव्हर, कव्हरात पिस्तूल, आणि लायसन पक्कं. यजमानांनी विठ्ठलरावांना पहिल्या सोफ्यावर बसवलं. सुंदररावांना मिळाली प्लास्टिकची खुर्ची, तीही तिसऱ्या रांगेत. आता सव्वीस वर्षं दूध सोसायटीची चेअरमनकी केलेल्या माणसानं हे कसं गिळावं, तुम्हीच सांगा. त्या दिवशी त्यांनी बुंदीला हातसुद्धा लावला नाही.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगून टाकलं की पिस्तूल घ्यायचं, अक्षयतृतीयेच्या आत घ्यायचं. त्या दिवशी विठ्ठलरावांच्या मुलीचं लग्न होतं आणि तिथं सोफ्यावर बसल्याशिवाय सुंदररावांच्या जिवाला थंडावा मिळणार नव्हता. बायनाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर तुमाला मारायला कोन यायलंय?"

"ते कागदावर लिवायचं असतंय. धोका हाय म्हनून."

"कोनाचा?"

"ते राधाकिशन बघंल."

राधाकिशन हा सोसायटीचा सचिव. लिहायचं काम त्याचं आणि सही करायचं सुंदररावांचं, अशी दोघांची जुनी वाटणी होती. त्यानं अर्ज झकास लिहिला. दुष्काळ तीव्र आहे, सोसायटीच्या चारा छावणीत सहाशे जनावरं दावणीला आहेत, सबब छावणी चालवणाऱ्या चेअरमनच्या जिवाला धोका संभवतो, वगैरे. शेवटी एक रकाना आला. यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? तिथं राधाकिशनचा पेन अडला. तो चेअरमनकडं बघू लागला आणि चेअरमन खिडकीतून म्हशींकडं.

इथं जरा मागं जावं लागेल. सुंदररावांची चेअरमनकी उभी होती ती जेलवर. बहात्तरच्या दुष्काळात पाण्यासाठी तालुक्याच्या कचेरीवर रिकाम्या हंड्यांचा मोर्चा गेला, तेव्हा बाविशीतले सुंदरराव सगळ्यांच्या पुढं होते. तिथं रेटारेटी झाली, कुणीतरी अधिकाऱ्याच्या डोक्यात हंडा घातला, लाठ्या पडल्या आणि त्यानंतर तीन महिने सुंदरराव गावाला दिसलेच नाहीत. परत आले ते छातीपर्यंत दाढी वाढवून. गावानं ओळखलं की गडी जेलातून सुटून आला. पारावर हार घातले, गुलाल उधळला. कुणी काही विचारलं नाही आणि यांनीही काही सांगितलं नाही.

खरी गोष्ट अशी की पहिली लाठी पडताच सुंदररावांनी जो ट्रक धरला तो आष्टीला सासुरवाडीच्या दारात सोडला. पोलीस शोधत येतील या भीतीनं ते तीन महिने माळवदावरून खाली उतरले नाहीत, म्हणून दाढी. हे ठाऊक होतं ते त्यांना आणि बायनाबाईंना. गावाला मात्र दर निवडणुकीत नवा जेल ऐकायला मिळत होता. पहिल्या भाषणात नुसता उल्लेख होता, तिसऱ्यात जेलर आला आणि पाचव्यात तर सुंदरराव एका दरोडेखोराबरोबर एकाच ताटात जेवू लागले.

"न्हाई म्हनून लिही," सुंदरराव म्हणाले.

"पर चेअरमन, तुमी हर भाषनात तर..."

"भाषन येगळं, अर्ज येगळा."

पंधरा दिवसांनी चौकशीला आसाराम जमादार आला. अर्जदाराची वागणूक कशी आहे, हे गावाला विचारून तसं वर कळवायचं, एवढंच त्याचं काम. सुंदररावांनी आदल्या दिवशी घरोघर निरोप पाठवला होता की जमादार येतोय, माझ्याविषयी चांगलं सांगा. गावानं आपल्याकडं होतं नव्हतं ते चांगलं सांगितलं. पहिला म्हणाला, आमच्यासाठी जेलात गेले. दुसरा म्हणाला, साहेबाचं डोकं फोडून गेले. तिसऱ्यानं दरोडेखोराचं ताट काढलं. चंद्रभागाबाई नावाच्या सत्तरीच्या बाई, सोसायटीच्या दोन म्हशींच्या सभासद, त्या तर काठी टेकत मुद्दाम आल्या आणि तो हंडा आमच्या घरचा होता असं अभिमानानं सांगून गेल्या. सतरा जणांनी जबाबावर सह्या आणि अंगठे केले. जमादारानं वही मिटली आणि सुंदररावांना छावणीच्या मागं बोलावून घेतलं.

"चेअरमनसाहेब, मारहानीत शिक्षा भोगलेल्या मानसाला हत्यार देता येत न्हाई. कायदा हाय. अन् वरून तुमी अर्जात न्हाई लिवलंय, म्हंजी खोटं बी झालं."

सुंदररावांच्या तोंडचं पाणी पळालं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, आवाज अगदी खाली आणून, एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं. जमादारानं मिशी चोळली. मग त्यानं विचारलं की एकीकडं सतरा माणसांचा जबाब आहे आणि एकीकडं तुमचा एकट्याचा, तर मी वर पाठवायचा कोणता? गावाकडून उलटं लेखी आणा, म्हणाला, मग बघू.

आता आली का पंचाईत! जेलात गेलो म्हणावं तर पिस्तूल जातंय, आणि नाही म्हणावं तर खुर्ची. सुंदररावांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी राधाकिशननं मार्ग काढला. सहकारात अडलेल्या माणसाला असतो तोच, ठरावाचा. आमसभा बोलवायची आणि चेअरमन जेलात गेलेच नव्हते असा ठराव बहुमतानं घ्यायचा.

"मागं घडलेलं ठरावानं कसं काय रद्द हुईल?" सुंदररावांना शंका आली.

"मागल्या साली थेंब पडला न्हाई, तरी दूध वाढलं म्हनून ठराव घेतलाच की आपन. अन् वाढलं."

सुंदररावांना ते पटलं. शिवाय गाव समजूतदार आहे, हे नुसतं कागदासाठी चाललंय एवढं कुणालाही कळेल आणि जेल आहे तिथंच राहील, असा त्यांचा हिशेब होता. नोटीस निघाली. विषय क्रमांक एक, मा. चेअरमन यांचा तुरुंगवास रद्द करणेबाबत.

सभा भरली छावणीतच, हिरव्या जाळीच्या सावलीत, कारण एवढी सावली गावात दुसरीकडं उरली नव्हती. राधाकिशननं घडाघडा ठराव वाचला आणि सवयीप्रमाणं मंजूर म्हणून टाकलं. पण चंद्रभागाबाई उठल्या. त्यांना एवढंच कळून घ्यायचं होतं की सुंदरराव जेलात नव्हते तर तीन महिने होते कुठं. सुंदरराव म्हणाले, हे कागदापुरतं आहे. बाई म्हणाल्या, कागदापुरतं कुठं होते ते सांगा. लोक हसायला लागले, मग कुजबुजायला लागले, आणि कुणीतरी म्हणालं की एवढी वर्षं हार घातले ते कशाला? सुंदरराव घाम पुसत राहिले. शेवटी बायनाबाईंना बघवेना. त्याही सभासद होत्या. त्या उठून म्हणाल्या, "अवो, आमच्या म्हाहेरी व्हते. आष्टीला. माळवदावर."

सभेनं तोंडात बोटं घातली. मग कुणीतरी खरा प्रश्न काढला, की यांनी हंडा मारला नाही तर मारला कुणी? चंद्रभागाबाईंनी पदर सारखा केला.

"मीच घातला की त्याच्या डोक्यात. तुमी लगेच सुंदररावाचं नाव घेतलं. म्हटलं, नाव व्हतंय गड्याचं, तर हू दे."

त्या साहेबानं बाईच्या हातचा मार म्हणून लाजेनं तक्रारच केली नव्हती, त्यामुळं जेलात कुणीच गेलं नव्हतं, हेही त्याच दिवशी उघड झालं. गाव नुसतं पेटलं. तुरुंगवास रद्द करण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला आणि त्याच दमात आयत्या वेळचा विषय म्हणून सुंदररावांचा राजीनामा लिहून घेतला गेला. राधाकिशननंच लिहिला, सही सुंदररावांनी केली. गुलाल शिल्लक होता, तो चंद्रभागाबाईंना लागला. नव्या चेअरमन त्याच.

सुंदररावांना वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. पण ठरावाची नक्कल हातात होती, आणि आता आपण धुतल्या तांदळासारखे, पिस्तूल कुठं जात नाही, असं मनाला बजावत ते दुसऱ्या दिवशी बीडच्या बसमध्ये बसले. कलेक्टर कार्यालयातल्या बाईंनी फाईल उघडली, ठराव वाचला, परत वाचला आणि चष्मा काढला.

"हे कशाला जोडलंय?"

"शिक्षा झालेल्या मानसाला लायसन देत न्हाईत म्हनून."

"काका, ती अडचण शिक्षा संपल्यावर पाच वर्षं. तुमची बहात्तर सालची गोष्ट. खरंच जेलात जाऊन आला असता, तरी रकान्यात 'हो' लिहिलं की झालं असतं."

सुंदरराव मटकन बाकड्यावर बसले. बाईंनी माणुसकीनं पाणी दिलं आणि पुढचा कागद बघितला. धोका म्हणून छावणी चालवणाऱ्या चेअरमनच्या जिवाला असं लिहिलंय, आणि ठरावाच्या नकलेतच खाली राजीनामा आहे, तोही कालचा. मग आता तुम्हाला धोका कुणाचा?

सुंदररावांनी अर्धा पेला पाणी पिईपर्यंत विचार केला. म्हणाले, गावाचा. एक्केचाळीस वर्षं फसवलं म्हणून सगळं गाव माझ्यावर खवळलंय, जिवावर उठलंय. बाईंनी मान हलवली. तसं असेल तर काहीतरी लेखी आणा, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सभा. या वेळी खुर्चीवर चंद्रभागाबाई आणि खाली सुतळीच्या पोत्यावर सुंदरराव. बाईंनी मोठ्या मनानं विषय घेतला होता, माजी चेअरमन यांच्या जिवास गावाकडून धोका असलेबाबत. राधाकिशननं वाचून दाखवलं. बाईंनी विचारलं, "ह्यांना कोनाला मारायचं असंल तर हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. सुंदररावांनी मान वळवून मागं बघितलं. दोनशे चौदा सभासद शांत बसले होते, दोघं-तिघं तर डुलक्या घेत होते. ते उठले आणि गावाला हात जोडून म्हणाले की मी तुम्हाला फसवलं, खोट्या जेलावर सव्वीस वर्षं खुर्ची अडवली, कुणाला तरी राग आला असेल. कुणीतरी मागून समजूत घातल्यासारखं म्हणालं, "दादा, रुसू नका. पर तुमाला कशापायी मारावं कोनी?"

त्या बोलण्यात इतकी माया होती की सुंदररावांचे डोळे भरून आले. राजीनाम्याच्या दिवशीसुद्धा त्यांना इतकं लागलं नव्हतं. ते खाली बसले आणि पोत्याची सुतळी उसवत राहिले. चंद्रभागाबाई ठराव नामंजूर म्हणणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूला एक हात वर झाला. तो बायनाबाईंचा होता.

सगळी सभा वळून बघू लागली. बायनाबाई संकोचल्या, पण हात खाली घेतला नाही. "एवढ्या मोठ्या गावात माझ्या मानसाला एक बी वैरी नसावा? मला न्हाई बघवत ते," त्या म्हणाल्या.

राधाकिशननं पेन काढला आणि एकच नाव आहे, तेही घरातलं, तर लिहू की नको, असं विचारलं. सुंदररावांनी बायकोकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"लिही," ते म्हणाले. "एक तर एक."