पोपटनानांची पन्हळ

मुसळधार पाऊस सुरू झाला की शहाणी माणसं घरात पळतात. माझे सासरे, पोपटनाना, घरातून बाहेर पळतात. डोक्यावर खताची रिकामी गोणी घेऊन, मान वर करून, ते आमच्या ओट्यावरच्या पत्र्याची पन्हळ बघत उभे राहतात. समोरच्या रो-हाउसमधल्या काकूंनी एकदा काळजीने विचारलं, "अहो, ते बरे आहेत ना?"

मी म्हटलं, "ते ठणठणीत आहेत. पन्हळ आजारी आहे."

नाना देवळ्याचे. त्यांच्या शिवारात ढग आलाच तर वाट चुकून येतो. पण छपरावरचं पाणी कसं उतरवावं, यात आपल्याइतका जाणकार सबंध नाशिक जिल्ह्यात नाही, असं त्यांचं नम्र मत आहे. आमच्या पन्हळीकडून अपेक्षा साधी होती. पत्र्यावरचं पाणी तिने झेलावं आणि कोपऱ्यातल्या पाइपात सोडावं. जोराचा पाऊस आला की ती ते सगळं आमच्या दारात ओतायची. पहिली धार ऑफिसला निघालेल्या जावयाच्या मानेवर.

चार पावसाळे नाना ती दुरुस्त करत होते.

जूनमध्ये फोन यायचा. चौकशी माझ्या तब्येतीची नाही, लेकीचीही नाही.

"पन्हळ काय म्हणते?"

"वाहते आहे, नाना."

"वाहनारच! येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी एसटीतून नाना, हत्यारांची पिशवी आणि अर्धी गोणी कांदे उतरायचे. मग शिडी लागायची. ती धरायचं काम माझं, कारण एम.कॉम. झालेल्या माणसाला तेवढंच झेपतं असा त्यांचा अंदाज.

"धरली का, जावईबापू?"

"धरलीय."

"नुसती धरू नका. लक्ष देऊन धरा. आन् ध्यानात ठेवा, पाण्याला ढकलायचं नाय. बोलवायचं."

पहिल्या वर्षी त्यांनी पाला काढून पन्हळ नव्याने बसवली. पुढच्या वर्षी पाइपाच्या तोंडाला जाळी लावली. तिसऱ्या वर्षी पाइपच जाड आणला. दर वेळी काम संपलं की शिडीवरून बादलीभर पाणी ओतायचे, तेही नेमकं पाइपाच्या तोंडाशी. "बघा कसं सुसाट जातं!" नानांची बादली सुसाट जायची, पाऊस माझ्या मानेवर यायचा. एवढ्या काळात एखादं छोटं धरण बांधून झालं असतं, असं मी ऑफिसात सांगायचो. लोक हसायचे. मग मी शिडीची नक्कलही करून दाखवायचो.

पंधरा दिवसांनी निघताना नाना वर बघून म्हणायचे, "थोडं ऱ्हायलंय. पुढच्या खेपेला करू."

यंदा नाना देवळ्याला परतून आठवडा झाला नाही तोच पाणी उंबरा ओलांडून आत आलं. चपला हॉलभर तरंगल्या. रविवारी मी नानांना न कळवता प्लंबर बोलावला. तो वर चढला, इकडून तिकडून हात फिरवला.

"साहेब, हे कोणी बसवलं?"

"सासऱ्यांनी," मी मोठ्या आनंदाने सांगितलं.

"हात फार चांगलाय त्यांचा. सगळं एका सुतात आहे. फक्त शेवटच्या तीन फुटांत उतार उलटा दिलाय. पाणी पाइपापर्यंत पोचतच नाही, माघारी फिरतं."

"चुकलं असेल."

"इतकं मापात कोणी चुकत नाही, साहेब. मुद्दाम दिलाय. सरळ करू? दहा मिनिटांचं काम."

मी हसत बायकोकडे पाहिलं. वैशाली चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती हसत नव्हती.

"राहू द्या, दादा," ती प्लंबरला म्हणाली. "चहा घ्या."

तो गेल्यावर ती पायरीवर बसली. "नानांनी जन्मभर लोकांच्या कांदे साठवायच्या चाळींवर छपरं घातली. कुठल्या चाळीत कांद्याला थेंब लागला नाही. आई गेली तेव्हा मी त्यांना इथं आणलं होतं ना? तिसऱ्या दिवशी पिशवी भरून बसले. लेकीच्या घरी बिनकामाचं राहू नये, म्हणाले. तेवढ्यात जोराचा पाऊस आला आणि पन्हळ भरून वाहिली. नानांनी पिशवी खाली ठेवली."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

मला ऑफिसातली ती नक्कल आठवली. लोक किती हसले होते तेही. चहा तसाच ठेवून मी फोन लावला.

"नाना, पन्हळ पुन्हा वाहते आहे."

नाना हळूच म्हणाले, "लय वाहते का?"

"लय."

"पन आत्ताच तर येऊन गेलो. लगेच पुन्हा... बरं दिसंल का?"

"तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

"तेही खरंच हाय." त्यांनी घसा खाकरला. "किती दिसांचं काम दिसतं?"

मी वर पाहिलं. वैशालीही बघत होती.

"दिवाळीपर्यंत तरी पुरेल," मी म्हणालो.