मामांनी लावलेली रांग

"रांग लावणं म्हणजे आपल्या हातचा मळ!" मामांनी घरातून निघतानाच जाहीर केलं. "दुपारच्या आत हिच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आलो नाही, तर नाव बदलीन!"

मामींना मोतीबिंदू झाला होता. परवा त्यांनी चहात मीठ घातलं आणि मामांनी तो गुपचूप पिऊन टाकला. यावरूनच काय ते समजा. सरकारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत. आज नंबर हुकला की बसा पुन्हा आठवडाभर खारट चहा पीत!

दोघं उजाडतानाच पोचले. खिडकी बंद होती. समोर लांबलचक रांग होती, पण चपलांची! माणसं आपापला जोड रांगेत सोडून पलीकडच्या बाकांवर डुलक्या काढत होती.

मामांनी आपला जोड शेवटी ठेवला. तिथेच थांबले असते, तर बिघडलं नसतं. पण त्यांची उभी हयात चपलांच्या दुकानात गेलेली! उलट्या पडलेल्या, डाव्या-उजव्याची ताटातूट झालेल्या चपला पाहून त्यांचा जीव कासावीस झाला.

"अहो, कशाला हात लावताय?"

"तू बस गं. लोक दुवा देतील!"

खिडकी उघडली तेव्हा बायकांच्या चपला डावीकडे, पुरुषांच्या उजवीकडे, मापाप्रमाणे, टाचा भिंतीला! लोक धावत आले आणि बघतच राहिले.

"माझा पहिला नंबर होता!" एक धिप्पाड ड्रायव्हर गरजला. "पाय मोठा म्हणून शेवटी?"

"कुणाचे हे उद्योग?"

मामा छताकडे बघू लागले. मामी म्हणाल्या, "यांचेच. हात शिवशिवतात हो त्यांचे."

एकच गलका झाला. शेवटी आतून नर्सबाई आल्या. "ओरडू नका! नुसते थेंब हवेत ते औषधाच्या खिडकीवर जा. चष्मा न्यायचाय ते तिकडे. तपासायचंय तेवढेच इथे थांबा!"

बघता बघता निम्मी रांग ओसरली.

"रोज असंच करायला हवं," नर्सबाई पुटपुटल्या. मामांची छाती फुगली.

"फुगू नका!" ड्रायव्हर म्हणाला. "बसा इथेच, ज्याची त्याची चप्पल शोधून द्या. आणि वहिनी, तुम्ही जा पहिल्या. यांच्याबरोबर संसार करताय, तुमचे आधीच पुष्कळ हाल झालेत!"

तारीख पुढच्याच आठवड्याची मिळाली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. मामा समोर उभे होते.

"दिसतोय का गं मी?"

मामींनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत डोळे भरून पाहिलं.

"दिसताय हो, अगदी लख्ख! पण ही डाव्या पायात कुणाची चप्पल?"

मामांनी खाली पाहिलं. तरीच आठवडाभर ती फटफट वाजत होती!