एका माणसाची ताडपत्री

माझे भासरे गाडीच्या चाकाशी बोलतात. पुढच्या उजव्या चाकाशी. त्याच्यासमोर उकिडवे बसून ते म्हणतात, "मांगचा कोपरा थोडा वर घेतला पायजे, कोनी असन तं." आणि मागच्या कोपऱ्यापाशी माझ्याशिवाय कोणीच नसतं.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या घरात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही आणि तेही तिच्याशी सरळ बोलत नाहीत. सासूबाई जवळ असल्या तर निरोप त्यांच्यामार्फत येतो. "माय, तिले सांग, दोरी सैल सोड." सासूबाई माझ्याकडे वळतात, "दोरी सैल सोड म्हनते. आन् डोक्शावर पदर घे." पदराचं ते बोललेले नसतात, ते सासूबाई आपल्या मनाने जोडतात. मी चार हातांवर उभी असते, सगळं ऐकलेलं असतं, तरी निरोप येईपर्यंत दोरी सोडत नाही. सासूबाई कुठे गेलेल्या असल्या की मग चाक.

त्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. वासुदेवराव. हायवेवरचे लोक त्यांना इंजिनेर काका म्हणतात. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची घरात कोणाची हिंमत झाली नाही. खिशात पेन नसतो, पेचकस असतो. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तर चहा येईपर्यंत त्यांच्या दाराची कडी सैल करून पुन्हा बसवून देतात. कोणी सांगितलेलं नसतं.

गाडी म्हणजे आमची जुनी मिनीबस. माझ्या नवऱ्याने ती अकोल्याच्या भंगारातून आणली होती. शाळेची होती. आत अजून 'रांगेत उतरा' असं लिहिलेलं आहे. सीटा काढून एक पलंग, एक गॅस आणि देवाचा फोटो एवढं बसवलं. संत्र्याच्या दिवसांत तीन महिने ही गाडी नांदगाव पेठेजवळ हायवेच्या कडेला उभी असते. बाजूला संत्र्याचे ढीग लावायचे, आत आम्ही राहायचं. मी आणि सासूबाई. भासरे गावातल्या घरी एकटेच. तिथून दुचाकीने अर्धा तास लागतो.

या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताडपत्री. ढिगाला ऊन लागलं की साल सुरकुतते आणि दुपारपर्यंत गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून सकाळी आठच्या आत ताडपत्रीची एक बाजू गाडीच्या टपाच्या काठाला बांधायची आणि दुसरी दोन बांबूंवर ताणायची. लांबी अठरा फूट. हे होते तेव्हा एक टोक यांचं, एक भासऱ्यांचं. दोघे भाऊ एकमेकांना शिव्या घालत पाच मिनिटांत लावून मोकळे होत.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. यांचं टोक माझ्या हातात आलं.

आता विचार करा. हायवेचा वारा, अठरा फुटांची ताडपत्री आणि तिची दोन टोकं धरलेली अशी दोन माणसं, जी एकमेकांशी बोलू शकत नाहीत. ते ओढायचे तेव्हा मी सोडायची, मी ओढायची तेव्हा ते सोडायचे. एकदा मी पूर्ण ताडपत्रीत गुंडाळली गेले. आतून ओरडताही येईना. बाहेरून आवाज आला, "माय, ताडपत्रीत कोनी हाये काय पाय बरं."

तेव्हापासून त्यांनी एक वाक्य धरलं. "हे एका मानसाचं काम झालं पायजे." चहा पिताना तेच, संत्री मोजताना तेच. गिऱ्हाईक म्हणे, "काका, किलोचा भाव काय?" ते म्हणत, "भाव सांगतो, पन एक सांगा भौ, एका मानसाच्या कामाले दोघं कायले पायजेत?" मला वाटायचं, माझ्याबरोबर काम करणं त्यांना नकोसं झालं आहे. वाईट वाटायचं. पण कोणाला सांगणार.

आधी त्यांनी लोखंडी आकडे लावले. आकड्यांनी ताडपत्री फाटली. मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या केल्या. त्या उन्हाने मऊ होऊन टपालाच चिकटून बसल्या. मग एक दिवस खिडकीच्या काचा सरकतात तसली ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी घेऊन आले आणि टपाच्या काठाला मागून पुढपर्यंत ठोकली. दाभणाने ताडपत्रीच्या काठात जाड दोरी शिवली. ही शिवलेली कोर मागच्या तोंडातून पट्टीत घालायची आणि पुढे सरकवत न्यायची. पडदा सरकतो तशी. कल्पना चांगली होती. कोर मध्येच अडकायची.

मग त्यांनी शेंगदाण्याचं तेल लावलं. दुसऱ्या दिवशी टपापासून संत्र्यांपर्यंत मुंग्यांची रांग. साबण लावला, तर पहाटेच्या दवाने फेस ओघळला आणि कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्या बाया हसल्या, "काका, गाडीची आंघोळ करून रायले का?" शेवटी मेणबत्ती घासली. मेण लागू पडलं. पण तरी मागून कोणीतरी कापड भरवत राहावं लागे आणि पुढून कोणीतरी ओढावं लागे. म्हणजे माणसं दोनच.

फेब्रुवारी संपता संपता ती सकाळ आली. भासऱ्यांची दुचाकी वाटेत पंक्चर झाली होती. आठ वाजून गेले, ऊन ढिगावर आलं. सासूबाईंचे हात कापतात, त्यांना टोक देता येत नाही. मी एकटीनेच कोर पट्टीत घातली आणि पुढे जाऊन ओढू लागले. तेवढ्यात मोठा ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने बाकीची ताडपत्री जमिनीवरून उठली, कोरीसकट निघाली आणि रस्त्यावर गेली. एक दुचाकीवाला येत होता. ताडपत्री त्याच्या तोंडावरच बसली.

तो पडला नाही. गाडी वळवळत कडेला गेली आणि थांबली. त्याने ताडपत्री अंगावरून काढली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भासरे आले तेव्हा सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. "मानूस मेला असता तं? वासुदेव, गाडी इकून टाक. इले पातूरले भावाकडं पोचवून दे. एकट्या बाईचं काम नोहे हे."

माझा भाऊ चांगला आहे, वहिनीही चांगली आहे. पण त्या घरात माझी एक पिशवी असेल आणि ती कोणाच्या पायात येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलेली असेल. इथे या गाडीत पलंग माझा, गॅस माझा, गिऱ्हाईक माझं. मी मान खाली घालून उभी राहिले. बोलायचं होतं ते सगळं भासऱ्यांसमोर बोलता येत नव्हतं.

भासरे चाकासमोर बसले. "इकाची तं इकू. पन आधी हे एका मानसाचं होते का पाहू. आठ दिवस."

"तू चाकाले सांगून रायला का मले?" सासूबाईंनी विचारलं.

"दोघाईले."

सासूबाई म्हणाल्या, "शुक्रवारी अकोल्याचा मानूस येते गाडी पाहाले. त्याच्यासमोर तिनं एकटीनं लावली तं गाडी राहीन. तू बोट जरी लावलं तं मी धरनार नाई."

लगेच काम सुरू झालं. भासऱ्यांनी पट्टीचं मागचं तोंड पेचकसाने फाकवून तिफणीच्या चाड्यासारखं, म्हणजे नरसाळ्यासारखं, पसरट केलं. पुढच्या टोकाला छोटी कप्पी बसवून त्यातून बारीक दोरी घेतली. दोरी कोरीला बांधायची, पुढे येऊन ओढायची. पण भरवणाऱ्याचं काय? मागे कापडाचा गोळा व्हायचा आणि तोंडाशी येऊन अडायचा. मंगळवारी अडलं, बुधवारी अडलं. भासरे जेवले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी मी ताडपत्री घडी करायला घेतली. नेहमीसारखी चौकोनी न करता साडीच्या निऱ्या करतात तशी मागे-पुढे, मागे-पुढे घालत गेले आणि त्या निऱ्या संत्र्याच्या क्रेटमध्ये उभ्या लावल्या. कोरीचं टोक वर ठेवलं. क्रेट पट्टीच्या तोंडाखाली, मागच्या शिडीला अडकवलं. वरची निरी ओढली की खालची आपोआप सुटून येई. भरवायला कोणी लागत नव्हतं. क्रेट तसंच ठेवून भाकरी थापायला आत गेले.

बाहेरून दोरी ओढल्याचा आवाज आला. मग चाकाला सांगितलेलं ऐकू आलं, "डोकं हाये म्हनावं. आपल्याले दोन वर्षं सुचलं नाई."

माझी भाकरी करपली.

शुक्रवारी अकोल्याचा माणूस आला. पांढरे कपडे, हातात दोन फोन. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, पत्र्यावर टिचकी मारली. "माय, पत्रा सडला ना इथं."

"तो मंग पाय," सासूबाई म्हणाल्या. "आधी इचं पाय."

मी क्रेट शिडीला अडकवलं. कोर तोंडात घातली. दोरी बांधली आणि पुढे गेले. पुढे म्हणजे चाकापाशी. भासरे तिथून तीन पावलं मागे सरले आणि दोन्ही हात पाठीशी घेऊन उभे राहिले. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं.

मी ओढू लागले. ताडपत्री सर्रकन निम्म्यापर्यंत आली आणि थांबली. आणखी ओढलं, हलेना. दोरी तळव्यात रुतली. लांबून ट्रक येताना दिसला. तसाच मोठा. अकोल्याचा माणूस फोन खिशात ठेवून दोन पावलं मागे झाला.

"मांगं जाऊन हातभर उलटी घ्यावी," भासरे चाकाकडे बघत म्हणाले. "निरी मोकळी करून मंग पुढं. जोर नाई कराचा."

"वासुदेव!"

"मी चाकासंगं बोलून रायलो, माय. हात कुठी लावला?"

मी दोरी सोडून मागे पळाले. एक निरी दुसरीत अडकली होती. हातभर मागे घेतली, झटकली, सुटली. तेवढ्यात ट्रक आला. वारा अंगावर आदळला, पदर उडाला, लावलेली अर्धी ताडपत्री फडफडली, पण पट्टीतून निघाली नाही. उरलेली क्रेटमध्ये दबून होती, ती उठलीच नाही. मी पुढे पळाले आणि दोरी ओढली. कोर सरकत सरकत शेवटच्या खिळ्यापर्यंत आली. मग बांबू, मग ताण, मग खुंट्या. सावली ढिगावर पडली.

अकोल्याचा माणूस सावलीत येऊन वर पट्टीकडे बघत राहिला. "काका, गाडी राहू द्या. माह्या रसवंतीच्या गाडीले असं बसवून द्यान का?"

सासूबाई मला म्हणाल्या, "उभी काय रायली? चहा ठेव." गाडी राहिली, हे त्यांनी असं सांगितलं.

भासरे चहाला थांबले नाहीत. काम आहे म्हणाले.

शनिवारी सकाळी ते आले नाहीत. मी एकटीने ताडपत्री लावली. दहा मिनिटं लागली. रविवारीही आले नाहीत. मी त्यांच्यासाठी चहा टाकला होता, तो सासूबाईंनी प्यायला. सोमवारी मी न राहवून म्हटलं, "आज पन आले नाई."

"कायले येईन?" सासूबाई संत्री निवडत म्हणाल्या. "आता काम नाई त्याचं इथं. त्याले तेच पायजे होतं. धाकटा गेला, तं हा तेराव्याच्या दिवशी मले म्हने, माय, तिले कोनाच्या टोकासाठी थांबाचं काम नाई पडलं पायजे. माह्या पन नाई." त्यांनी एक डागी संत्रं बाजूला टाकलं. "घरी त्याच्यासंगं बोलाले कोन हाये? अठी येऊन दोन गोष्टी बोलाचा, मंग दिवसभर मुका."

दोन वर्षं संत्र्याच्या दिवसांत हा माणूस रोज सकाळी इथे येत होता, आणि रोज सकाळी इथे यावं लागू नये म्हणून खटपट करत होता. मी समजत होते, त्यांना माझा वीट आला आहे.

मंगळवारी ताडपत्री लावताना मला हायवेच्या पलीकडे त्यांची दुचाकी दिसली. ते तिच्यावर बसूनच बघत होते. कोर शेवटापर्यंत गेली, तसं त्यांनी दुचाकी चालू केली.

मी पेल्यात चहा ओतला. पदर सारखा केला आणि रस्ता ओलांडला. मध्ये दुभाजकावर एक ट्रक जाईपर्यंत थांबावं लागलं. चहा थोडा हातावर सांडला. त्यांनी मला येताना पाहिलं आणि इकडे-तिकडे पाहू लागले, जणू मी दुसऱ्याच कोणाकडे जात असेन. सासूबाई पलीकडे होत्या. मध्ये कोणी नव्हतं.

मी पेला पुढे केला. "दादा, चहा."

त्यांनी दुचाकी बंद केली. पेला घेतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. बराच वेळ पेल्यात बघत राहिले.

"साखर जास्त झाली," ते म्हणाले. मला.

"उद्या कमी टाकीन," मी म्हटलं.