हस्तप्रक्षालन विधी

खासगी विद्यापीठाला आठवं वर्ष लागलं, तेव्हा मानांकनाच्या अर्जातला एक रकाना रिकामा असल्याचं कुलसचिवांच्या ध्यानात आलं : ‘इतिहास व परंपरा (किमान पन्नास वर्षे)’. रकाना कोरा सोडण्याची तरतूद नव्हती. सबब, फाटकावरच्या पहारेकऱ्याला तातडीने पाचारण करण्यात आलं. विद्यापीठाच्या आधीपासून त्या आवारात असलेला तो एकटाच माणूस होता.

“आधी इथं काय होतं?”

“साबणाचा कारखाना, साहेब. वडील होते, मग मी लागलो.”

“म्हणजे शुद्धीकरणाचं कार्य.” कुलसचिवांनी टिपून घेतलं. “काही विधी वगैरे?”

“विधी कसले? सुटी झाली की सगळे नळावर हात धुवायचो. कॉस्टिक सोड्यानं कातडी सोलायची. वडिलांच्या तळहातावर रेषाच उरल्या नव्हत्या.”

आठवडाभरात मसुदा आला : ‘ज्ञानकार्य आटोपल्यावर सामूहिक हस्तप्रक्षालन, बासष्ट वर्षांची परंपरा.’ खाली साक्षीदाराच्या सहीची जागा होती. पहारेकऱ्यानं पेन घेतलं नाही.

“ज्ञानकार्य कुठलं, साहेब?”

“साबण कसा करायचा ते तुम्हाला ठाऊक होतं ना? मग ते ज्ञानच.”

‘विचार करतो’ असं सांगून तो घरी आला. मुलगी त्याच विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती.

“बाबा, करून टाका सही,” ती म्हणाली. “मुलाखतीत आधी विचारतात, विद्यापीठ कधीचं. आठ वर्षं म्हटलं की फाईल मिटते.”

“आणि आजोबांचे हात?”

“आजोबांनी काय केलं असतं?”

ते त्याला पक्कं माहीत होतं. नातीसाठी त्यांनी दोनदा सही केली असती. दुसऱ्या दिवशी त्यानं ती केली.

पदवीदान समारंभात संगमरवरी कुंड होतं, कोमट सुगंधी पाणी होतं. पहारेकरी आता ‘परंपरा-रक्षक’ झाला होता, म्हणजे टॉवेल धरून उभा होता. मुलीनं हात पुढे केले. मऊ तळवे, एकूण एक रेषा जागेवर. तो बघतच राहिला.

“बाबा, टॉवेल सोडा,” ती हळूच म्हणाली.

कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ मुलाला घेऊन त्याच्यापाशी आले. “खरंच एवढं जुनं आहे का हो हे?”

कोणी विचारलंच तर सगळं सांगायचं, असं पहारेकऱ्यानं ठरवलं होतं. “खरं सांगायचं तर, साहेब, इथं पूर्वी...”

“नाही, जुनं दिसतंयच म्हणा,” गृहस्थ म्हणाले आणि प्रवेशअर्जांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांगेत त्यांच्या पुढे, वाचकहो, आपणच होतात. आपण तर तेवढंही विचारलं नव्हतं.