गोऱ्ह्याची चरबी कोणाच्या घराण्याची

संततीत जे चांगलं उतरतं ते आपल्या घराण्यातून आणि जे वाईट उतरतं ते सोयऱ्यांच्या, हा आनुवंशिकतेचा मूलभूत नियम आहे. (शास्त्रज्ञ तो मानत नाहीत. त्यांना नातेवाईक कमी असावेत.) सौदी अरेबियात, हाइलजवळच्या एका पशुपैदास केंद्रात या नियमाची नुकतीच काटेकोर तपासणी झाली.

केंद्राचे मालक दोन: तल्हा आणि त्यांचे मेहुणे उसामा. तल्हांनी परदेशातून एक काळा वळू आणला. अंगाने भरलेला, पण ऊन सोसत नसल्यामुळे दिवसभर कूलरपुढे बसून असे. उसामांनी वशिंडाच्या गाई दिल्या. त्या उन्हातान्हात मजेत राहत, पण अंगावर मांस धरायला नाखूश. या संकरातून बापाचं मांस आणि आईचा काटकपणा असलेली प्रजा निपजावी, अशी योजना होती. तिच्या अंगात मांस किती आणि चरबी किती हे मोजायला साताऱ्याचे पशुवैद्य डॉ. प्रसाद आगवणे यांना नेमलं होतं. प्रमाण जमलं नाही, तर केंद्रही वाढणार नव्हतं आणि डॉक्टरांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवानाही.

पहिला गोऱ्हा मोठा झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याची सोनोग्राफी करायचं ठरवलं. गोठा सांभाळणारे दापोलीचे मुनाफभाई विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, पण तो नर आहे."

पाठीवरची चरबी मोजायची आहे, असा खुलासा झाल्यावर त्यांनी दोरी धरली. मोजमापात चरबी आईपेक्षा जास्त भरली, बापापेक्षाही जास्त भरली.

तल्हांच्या मते मांस वळूचं होतं आणि चरबी गोऱ्ह्याच्या आजोळची. उसामांनी आपल्या गाईंच्या बरगड्या दुरूनही मोजता येतात याकडे लक्ष वेधलं आणि बसून खाणाऱ्या बापाचं नाव घेतलं. दोन्हीकडून निम्मं निम्मं येतं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे दोघांनाही अपमानास्पद वाटलं. अहवालात अवयवांची रीतसर वाटणी व्हावी, अशी मागणी झाली. डॉक्टरांनी तसं लिहिलं: पुठ्ठा पितृपक्षाचा, वशिंड मातृपक्षाचं, चरबी विचाराधीन.

एव्हाना तल्हांच्या पत्नी उमामा, म्हणजे उसामांच्या भगिनी, यांनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं होतं. प्रश्न आता निव्वळ शास्त्रीय राहिला नव्हता.

शेवटी डॉक्टर एका दुपारी कोणाला न कळवता फेरमोजणीसाठी गोठ्यात गेले. तिथे उसामा गोऱ्ह्याला खजूर भरवत होते. भाचा वाळलेला दिसतो, म्हणाले. तेवढ्यात दुसऱ्या दाराने तल्हा आले, हातात तुपात परतलेल्या जवाचं पातेलं. मुनाफभाईंना विचारलं, तर त्यांनी आपण फक्त बिस्किटं देतो असं सांगितलं. मग सगळ्यांनी डॉक्टरांच्या हातातल्या भाकरीकडे पाहिलं. (ती जनावर स्थिर राहावं म्हणून होती.)

बराच वेळ फक्त गोऱ्हा खात होता.

"वाळलाय खरा," तल्हा म्हणाले, आणि पातेलं पुढे सरकवलं. उसामांनी त्यांना खजूर दिला. त्या संध्याकाळी उमामा नवऱ्याशी बोलल्या, असं कळतं.

डॉक्टरांनी अंतिम निष्कर्ष नोंदवला: चरबी आनुवंशिक नसते, ती नातेवाइकांकडून येते. गोऱ्ह्याला कापून खरं प्रमाण तपासायचं मूळ योजनेत होतं, पण तसं बोलायला कोणीच धजेना. म्हणून त्याला दीर्घकालीन निरीक्षणाखाली ठेवण्यात आलं. निरीक्षक लागणारच होता, तेव्हा डॉक्टरांचा इकामा वाढला. गोठ्यात दुसरा कूलर आला.

वाचकहो, हे वाचून तुम्ही हसला असाल आणि हसताना पोट हललं असेल. ते कोणाच्या घराण्यातून आलं, हे तुम्ही मनात ठरवूनही टाकलं असेल. लग्न झालेल्यांनी उत्तर मोठ्याने देऊ नये.